स्टेपनी कुठाय?

“स्टेपनी कुठाय?”

सॅन होजेजवळच्या मोटारहोम भाड्यानं देणाऱ्या यार्डात उभं राहून बाबांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. आई तोवर आत शिरून ओटा, शेगडी, फ्रिज, बाथरूम सगळं बघून जाम खूश झाली होती. मी २५ फुटी धूड चालवायचं म्हणून आतून टरकले होते. आणि बाबा? ते गुडघ्यावर हात टेकून गाडीच्या पोटाखाली डोकावत होते.

मी काउंटरवरच्या मुलाला विचारलं. तो गोड हसला. स्पेअर आम्ही देत नाही म्हणाला, काही झालंच तर या नंबरवर फोन करा. त्यानं एक स्टिकर दाखवला.

“म्हणजे सहा चाकांच्या गाडीला एकही जादा चाक नाही?” बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. “आणि लोक नेतात अशी गाडी?”

“बाबा, ही अमेरिका आहे. इथं फोन केला की माणूस येतो,” मी ऐटीत म्हणाले.

मित्रांनो, हे वाक्य नीट लक्षात ठेवा. मला ते तिसऱ्याच दिवशी फार महागात पडलं.

२०२३चा सप्टेंबर. मी ऑनसाइट, आई-बाबा पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेले. हॉटेलं, चेक-इन, चेक-आउट या भानगडी बाबांना नको होत्या. त्यांना मधुमेह आहे, इन्शुलिन चालू आहे, जेवणाच्या वेळा सांभाळाव्या लागतात. म्हटलं, घरच सोबत नेऊ! कॅलिफोर्नियात एवढी गाडी साध्या कारच्या लायसन्सवर चालवता येते. रजा टाकली, बॉसचा मूड बघून ती मंजूर करून घेतली आणि निघालो. बेत होता नेवाडामधून थेट ग्रेट बेसिन नॅशनल पार्क गाठायचा. रस्ता : यूएस-५०.

एका गल्लीचं नाव

आधी थोडं त्या स्टेपनीबद्दल. आपण हा शब्द इतक्या सहज वापरतो की तो इंग्रजीच आहे असं वाटतं. अमेरिकेत कुणाला ‘स्टेपनी’ म्हणून बघा, समोरचा नुसता बघत राहतो. खरी गंमत म्हणजे हे एका गल्लीचं नाव आहे. वेल्समधल्या लानेली गावातली स्टेपनी स्ट्रीट. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात गाडीसोबत जादा चाक नसायचंच. रस्त्यावर घोड्यांच्या नालांचे खिळे पडलेले, त्यामुळे पंक्चर ही रोजची गोष्ट. मग रस्त्यातच बसून टायर काढा, ट्यूब ठिगळा, परत चढवा. १९०४ मध्ये टॉमस मॉरिस डेव्हिस यांनी यावर तोड काढली : हवा भरलेला टायर चढवलेली, आऱ्या नसलेली एक रिम. पंक्चर झालेल्या चाकालाच ती क्लॅम्पनं अडकवायची आणि पुढे निघायचं. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर, म्हणून ही ‘स्टेपनी’. ब्रिटिश साम्राज्यासोबत ती आपल्याकडे आली आणि इथलीच होऊन गेली. ब्राझीलमध्येही जादा चाकाला ‘एस्तेपी’ म्हणतात!

म्हणजे बघा, सव्वाशे वर्षांपूर्वी गाडीला स्टेपनी नव्हती, मग ती आली आणि आता पुन्हा निघून चालली आहे. आपल्याकडेही. जुलै २०२०मध्ये केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांत बदल केला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर असतील आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा व पंक्चर दुरुस्तीचं किट दिलेलं असेल, तर स्टेपनी देण्याची सक्ती नाही.

पण मोटारहोमचं काय? आमच्या गाडीचं कमाल वजन साडेसहा टन. पुढे दोन चाकं, मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं, एकूण सहा. रिमसकट एका चाकाचं वजन साधारण घरच्या भरलेल्या गॅस सिलिंडरएवढं. बसएवढ्या मोठ्या मोटारहोमचं चाक तर अडीच-तीन सिलिंडरांएवढं भरतं. त्याचे नट ४५० ते ५०० फूट-पाऊंड जोरानं आवळलेले असतात. आपल्या कारचे असतात ८०-१०० फूट-पाऊंडांच्या आसपास. रस्त्याकडेला जॅक लावून हे कोण करणार? म्हणूनच अमेरिकेत कित्येक मोटारहोम स्टेपनीशिवायच विकली जातात. भाड्यानं देणाऱ्यांनाही हौशी गिऱ्हाईकानं साडेसहा टनांच्या गाडीखाली शिरलेलं नको असतं.

थोडक्यात, काउंटरवरचा मुलगा चुकीचं बोलत नव्हता. पण बाबाही चुकीचं बोलत नव्हते. हे कळायला मला यूएस-५० वर जावं लागलं.

सगळ्यात एकाकी रस्ता

१९८६ मध्ये ‘लाइफ’ मासिकानं या रस्त्याला ‘अमेरिकेतला सगळ्यात एकाकी रस्ता’ म्हटलं. नावं ठेवायलाच म्हटलं होतं! पण नेवाडावाले वस्ताद. त्यांनी त्याच नावाच्या पाट्या लावल्या आणि ‘सर्व्हायव्हल गाइड’ काढलं. गावागावांत त्यावर शिक्के मारून घ्यायचे. आईनं ते फॅलनमध्येच मिळवलं आणि पर्समध्ये जपून ठेवलं.

फॅलन सोडलं की रस्ता सुरू झाला असं म्हणायचं. आधी सँड माउंटन, वाळवंटात मध्येच उभा राहिलेला सुमारे ६०० फूट उंच वाळूचा डोंगर. मग मिडलगेटच्या पुढे बुटांचं झाड! लोकांनी फांद्यांवर शेकडो बूट फेकून लटकवलेत. मूळ झाड २०१० च्या शेवटी कुणीतरी कापून टाकलं, तर लोकांनी जवळचं दुसरं झाड धरलं. फॅलनपासून ऑस्टिन हे पुढचं गाव सुमारे १८० किलोमीटर. तिथून युरेका ११० किलोमीटर. मग इली, आणखी १२५. मध्ये काय? डोंगराची रांग, सपाट दरी, पुन्हा रांग, पुन्हा दरी. दरीत उतरलं की रस्ता पट्टीनं आखल्यासारखा क्षितिजापर्यंत सरळ. आणि फोनवर ‘नो सर्व्हिस’.

“पुणे ते महाबळेश्वर जेवढं अंतर, तेवढ्यात एक चहाची टपरी नाही,” आई म्हणाली.

“पंक्चरवालाही नाही,” बाबा म्हणाले.

मी आवाज वाढवला. गाण्यांचा.

धाड!

ऑस्टिन मागे टाकलं. हिकिसनच्या खिंडीत थांबून खडकांवरची आदिवासींची कोरीव चित्रं पाहिली, डबा खाल्ला आणि पुन्हा सरळ रस्त्याला लागलो. दुपारचा एक वाजला असेल. मागच्या बाजूला धाड असा आवाज झाला. मग कुणीतरी गाडीला चाबकानं मारतंय असे फटके. नशीब, मी दचकून ब्रेक दाबला नाही. स्टिअरिंग घट्ट धरलं, पाय हळूहळू काढला आणि कडेला घेतली.

उजवीकडच्या मागच्या जोडचाकांपैकी बाहेरच्या टायरची साल निघाली होती. अक्षरशः साल! रबराचे पट्टे लोंबत होते आणि त्यांनी चाकावरचं फायबर फोडून टाकलं होतं. आतलं चाक शाबूत होतं आणि दोघांचा भार एकटं वाहत होतं.

फोन काढला. नो सर्व्हिस. फोन केला की माणूस येतो हे ठीक, पण फोन लागला तर ना!

मला वाटलं, आता बाबा बोलणार. ते काहीच बोलले नाहीत. मागे गेले, उकिडवे बसले, नटवर हात फिरवला. जॅक कुठं आहे विचारलं. जॅकही नव्हता. बराच वेळ ते तसेच बसले. मग म्हणाले, “लूनापासून पद्मिनीपर्यंत सगळ्यांची चाकं मी स्वतः बदलली. कसाऱ्याच्या घाटात भर पावसात बदललंय. पण हे नाही जमायचं गं. स्टेपनी असती तरी आपण दोघांनी काय केलं असतं?”

बाबा मला कधी असं बोललेले आठवत नाहीत. ‘मी म्हटलं नव्हतं का’ हे ऐकायची माझी तयारी होती, याची नव्हती.

खरी काळजी वेगळीच निघाली. आई आतून म्हणाली, “अगं, फ्रिजचं बघ. गाडी तिरकी आहे.” आमचा फ्रिज प्रोपेन गॅसवर चालणारा. असा फ्रिज गाडी सपाट उभी असेल तरच नीट थंड करतो. रस्त्याची कड उतरती होती, त्यात एक टायर बसलेला. आणि आत बाबांचं पुढच्या महिन्याभराचं इन्शुलिन. रिकाम्या अपार्टमेंटमधल्या फ्रिजवर विश्वास नको म्हणून आईनं सगळा साठा सोबत आणला होता. वापरातलं पेन बाहेर साधारण चार आठवडे चालतं, तो प्रश्न नव्हता. पण बाकीची पेनं? बाहेर ऊन मी म्हणत होतं. इन्शुलिन खराब झालं तर या वाळवंटात कुठलं केमिस्ट आणि कुठलं प्रिस्क्रिप्शन? पोटात गोळाच आला माझ्या.

वीस मिनिटांनी एक पिकअप थांबला. त्या रस्त्यावर लोक थांबतात, विचारायला लागत नाही. टोपीवाले आजोबा होते, मागे गुरांसाठी गवताचे गठ्ठे. त्यांनी स्टिकरवरचा नंबर लिहून घेतला. युरेकात पोचलो की फोन करतो म्हणाले, आणि बर्फाची अख्खी पिशवी आम्हाला देऊन गेले. आईनं ती पातेल्यात ओतली, पेनं प्लास्टिकच्या डब्यात बंद करून टॉवेलात गुंडाळली आणि बर्फाला थेट लागणार नाहीत अशी ठेवली. इन्शुलिन गोठलं तरी वाया जातं, हे तिला चांगलं माहीत होतं.

तीनच्या सुमाराला शेरीफच्या ऑफिसचा माणूस चौकशी करून गेला. फोन पोचला होता! आणि सहा वाजता सर्व्हिस ट्रक आला, थेट इलीहून. मेकॅनिककडे सगळं होतं. जॅक होता, कॉम्प्रेसर होता, नट उघडायची एअर गन होती, टायर रिमवर चढवायची अवजारं होती.

नव्हता फक्त टायर.

पंक्चरवाला किती लांब?

आमच्या मापाचा, एलटी २२५/७५ आर १६, टायर त्याच्या ट्रकमध्ये नव्हता. वेगळ्या मापाचा चालत नाही. जोडचाकांत एक टायर उंच आणि एक बुटका असला की सगळा भार उंचावर येतो आणि तोही जातो. दुकान सकाळी उघडणार होतं. तो म्हणाला ते मी विसरणार नाही : “नुसता टायर जरी टाकला असता ना गाडीत, रिमशिवाय, तरी आज रात्री तुम्ही इलीत जेवला असता.”

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! मी आणि बाबा यार्डात वाद घालत होतो तो प्रश्नच चुकीचा होता. ‘चाक मला बदलता येईल का?’ हा प्रश्न नाहीच. ते नाहीच येणार. ‘बदलणारा येईल तेव्हा त्याला बसवायला टायर असेल का?’ हा प्रश्न आहे. त्याचं उत्तर ठरतं ते जवळचा पंक्चरवाला किती लांब आहे यावर. आपल्याकडे दर घाटाच्या माथ्यावर, दर ढाब्याच्या बाजूला टायर टांगलेला असतो. तिथं स्टेपनी विसरली तरी निभावतं. यूएस-५०वर नाही.

त्यानं मग फाटलेल्या टायरवर टॉर्च मारून एक गोष्ट दाखवली. टायरच्या कडेला डीओटीनं सुरू होणारा नंबर असतो, त्याचे शेवटचे चार आकडे. आमच्या टायरवर होते ३८१६. म्हणजे २०१६ सालचा ३८वा आठवडा. टायर सात वर्षांचा! वरची नक्षी मात्र नव्यासारखी. मोटारहोम वर्षातले कित्येक महिने नुसती उन्हात उभी असते, त्यामुळे तिचे टायर झिजून जात नाहीत, म्हातारे होऊन जातात. त्यात हवा कमी असेल तर टायर तापतो आणि सोलवटतो. तीन दिवसांत मी हवा एकदाही तपासली नव्हती. आता दोष कुणाला द्यायचा?

जाताना त्यानं एक मोठं काम केलं. चालायच्या वेगानं, अगदी हळू, थोडं पुढे असलेल्या सपाट मोकळ्या जागेत गाडी लावून दिली. गाडी समतल झाली आणि फ्रिज गारठायला लागला. आईनं पेनं परत आत ठेवली आणि पहिल्यांदा हसली.

मग काय, घर तर सोबतच होतं! आईनं पिठलं-भात टाकला. बाबा वेळेवर जेवले. सहा हजार फुटांवरचं वाळवंट, रात्री मरणाची थंडी, पण हीटर चालू होता. नऊला आम्ही दिवे बंद करून बाहेर खुर्च्या टाकल्या. आकाशगंगा या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तासाभरात दोन गाड्या. दोन्ही थांबल्या. सगळं ठीक आहे ना, विचारून गेल्या.

“कसाऱ्यात असं झालं होतं ना, तेव्हा तू सहा महिन्यांची होतीस,” बाबा अंधारात म्हणाले. “आई तुला घेऊन छत्रीखाली उभी होती. मी चाक बदलत होतो आणि मला भयंकर भीती वाटत होती. दाखवली नाही एवढंच.”

दुपारी मीही तेच केलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना बहुतेक कळलं होतं.

न्यायची की नाही?

सकाळी साडेनऊला नवा टायर आला, अर्ध्या तासात बसला. मेकॅनिकनं आईच्या हातचा आल्याचा चहा प्यायला आणि दुसरा कप मागून घेतला. आम्ही ग्रेट बेसिनलाही पोचलो. तिथल्या व्हीलर पीकवर ब्रिसलकोन पाइन नावाची झाडं आहेत. १९६४ मध्ये तिथं तोडलेल्या एका झाडात ४,८००हून जास्त कडी मोजली गेली होती. पण त्या झाडांकडे चढणाऱ्या रस्त्यावर २४ फुटांपेक्षा लांब गाड्यांना बंदी. आम्ही २५! म्हणून त्यांची माहिती व्हिजिटर सेंटरमध्येच वाचली. बाबा म्हणाले, “झाडाला पाच हजार वर्षं आणि टायरला सात. बरोबर आहे.”

आता मुद्द्याचं. तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? पण महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, आणि ऑनसाइटवाले मित्र तर दर सुट्टीत आरव्ही काढतात. म्हणून हे माझ्या खर्चानं शिकलेलं ज्ञान :

छोटी कॅम्परव्हॅन असेल तर : अख्खी स्टेपनी, जॅक आणि पाना सोबत हवाच. चाक दोघांना पेलतं. नुसतं किट मिळालं असेल तर एवढं लक्षात ठेवा, की त्यातला चिकट द्रव खिळ्याचं छोटं भोक बुजवतो, कडेला फाटलेला टायर नाही.

आमच्यासारखी मधली गाडी असेल तर : जागा असेल तर रिमसकट चाक न्या, म्हणजे मदतीला येणाऱ्याचं काम झटपट होतं. चॅसीखाली मागच्या बाजूला टांगणं सगळ्यात बरं. मागच्या भिंतीवर किंवा टो-हुकवर लावणार असाल तर वजनाचा हिशेब करा, कारण मागच्या चाकांच्याही मागे वजन लटकवलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल लागतं. टपावर तर अजिबात नको, तिथून उतरवणार कोण? जागा नसेल तर नुसता टायर सामानाच्या कप्प्यात टाका. वजन जवळपास निम्मं.

बसएवढी असेल तर : चाक नेण्याचा हट्ट सोडा. रोडसाइड असिस्टन्सची मेंबरशिप घ्या आणि निर्जन भागात जाणार असाल तर नुसता टायर न्या.

आणि स्टेपनी घेतलीत म्हणून निवांत होऊ नका. तीही उन्हात म्हातारी होते. तिला कव्हर घाला, हवा तपासा. दहा वर्षं ही अनेक टायर कंपन्यांनी सांगितलेली कमाल मर्यादा आहे, स्टेपनी धरून.

भाड्याची गाडी घेताना चार प्रश्न विचाराच. स्टेपनी आहे का? मदत कुठून येते? टायरचे पैसे कोण भरणार? टायर किती जुने आहेत? टायरच्या मापाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि फोन करतानाच माप सांगा. तेवढं आजोबांच्या चिठ्ठीवर लिहायचं सुचलं असतं, तर मेकॅनिक कदाचित टायर घेऊनच आला असता! रोज सकाळी, टायर थंड असताना हवा तपासा. जोडचाकांतलं आतलंही चाक बघा. दाब किती हवा ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं. टायर फुटला तर ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग सरळ धरून वेग आपोआप उतरू द्यायचा. सॅटेलाइटवरून मेसेज जाणारा फोन असेल तर उत्तम.

गाडी परत करायला गेलो तेव्हा काउंटरवर तोच मुलगा होता. ट्रिप कशी झाली, त्यानं विचारलं. ‘ग्रेट’ म्हणाले आणि फुटलेल्या फायबरचा फॉर्म भरायला घेतला.

तेवढ्यात बाबा दिसले. शेजारी एक तरुण जोडपं नवीन मोटारहोम ताब्यात घेत होतं. बाबा त्यांच्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसून, आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांना ते चार आकडे वाचायला शिकवत होते.